न सरकणारा ठिपका

१

सत्यशीलाताईंचा खरा दिवस दुपारी सुरू व्हायचा. सकाळचं कॉलेज, गणिताचे तास, स्टाफरूममधला पाणचट चहा, हे सगळं त्यांच्या लेखी दिवस उजाडण्याआधीचं. दुपारी त्या गुलटेकडीतल्या आपल्या फ्लॅटवर परतत, वरणभात खाऊन घेत, पडदे ओढत आणि कॉम्प्युटरसमोर बसत. खाली मार्केट यार्डाचे हमालसुद्धा पोत्यांच्या सावलीला आडवे झालेले असत. सगळं पुणं वामकुक्षी घेत असताना ताई आकाश बघत.

लोकांना हे काही पटत नसे. खगोलशास्त्र म्हटलं की त्यांना गच्चीवर कानटोपी घालून दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस हवा असे. पण तो जमाना मागे पडला होता. केबलवाल्याने टीव्हीच्या वायरीबरोबर इंटरनेटचीही वायर घरोघरी आणून टाकली होती, आणि परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीने टिपलेली छायाचित्रं पाठोपाठ गुलटेकडीत उतरत होती. आकाशाच्या एकाच तुकड्याची तीन छायाचित्रं, थोड्याथोड्या अंतराने काढलेली. ताई ती भराभर आलटूनपालटून लावत. पहिलं, दुसरं, तिसरं, पुन्हा पहिलं. तारे जागच्या जागी राहत. एखादा ठिपका मात्र जरासा सरकलेला दिसे. सरकला तो लघुग्रह. शास्त्र एवढंच, बाकी सगळा चिवटपणा.

तो चिवटपणा ताईंकडे वाटून उरेल इतका होता. बरेच लघुग्रह त्यांच्या खात्यावर जमा झाले होते आणि त्याचं कौतुक सोसायटीत कुणालाच नव्हतं. ठिपका सापडला म्हणजे लगेच आपला झाला असंही नसतं. वर्षानुवर्षं त्याचा माग ठेवावा लागतो, कक्षा पक्की व्हावी लागते, तेव्हा कुठे त्याला क्रमांक मिळतो. आणि मग शोधणाऱ्याला रीतसर विचारतात, याचं नाव काय ठेवायचं?

"पुण्यात राहून नावं ठेवायला परवानगी लागते, हे नवीनच ऐकतोय," धाकटा भाऊ दत्तप्रसाद म्हणाला होता. तो सॉफ्टवेअर कंपनीत होता, विश्रांतवाडीला नवीन फ्लॅट घेऊन राहत होता, आणि बहिणीची थट्टा करण्याचा हक्क त्याने लहानपणापासून राखून ठेवला होता.

२

दत्तप्रसादची पहिली मुलगी एकच रात्र जगली. दिवस पुरे व्हायच्या आधीच आली, हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत एक रात्र राहिली आणि गेली. तिची आई राजनंदिनी नंतर कितीतरी महिने कुणाशी धड बोलली नव्हती.

या घरात एक रीत होती. बाळाचं नाव आत्या ठरवायची आणि ते कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, बाळाच्या आईलाही नाही. बारशाच्या दिवशी पाळण्यावर वाकायचं, बाळाच्या कानाशी हाताचा आडोसा धरायचा, आधी कुर्र करायचं आणि मग नाव सांगायचं. आपलं नाव सगळ्या जगाच्या आधी बाळाने ऐकायचं, असा त्यातला लाड. ताईंनी त्या मुलीसाठी नाव ठरवून ठेवलं होतं. बाळ गेलं आणि नाव ताईंच्या पोटात राहिलं. ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

नेमका त्याच आठवड्यात त्यांना एक ठिपका सापडला होता. तीन वर्षांनी त्याला क्रमांक मिळाला तेव्हा राजनंदिनीला पुन्हा दिवस गेले होते आणि आता ते भरत आले होते. नाव सुचवा, असं पत्र आलं. ताईंनी फार विचार केला नाही. ते राहिलेलं नाव त्यांनी कळवून टाकलं.

ते नाव इथे लिहिण्यात अर्थ नाही. वाचतावाचता ओठ हलवायची सवय पुष्कळांना असते.

नाव कळवलं त्या दुपारी ताईंनी एक पोरकटपणा केला. त्या पडद्यावरच्या ठिपक्याजवळ वाकल्या, काचेला हाताचा आडोसा केला आणि म्हणाल्या, "कुर्र." मग नाव सांगितलं. सांगताना हसू आलं, आणि हसताहसता इतकं रडू आलं की पदराचा बोळा तोंडाशी धरावा लागला. तीन वर्षं त्या ते नाव एकट्या सांभाळत होत्या आणि आता फार हलकं वाटत होतं. खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

झोपेत त्यांना कुणीतरी ओ दिल्यासारखं वाटलं. फार लांबून, खेळातून मध्येच थांबून पोरं ओ देतात तशी.

"आले."

आपल्याकडे हे असंच आहे. हाक मारली की माणूस आधी आले म्हणून मोकळा होतो आणि मग उठायला लागतो. निघायच्या आधीच पोचलेला असतो. ताईंना जाग आली तेव्हा खोलीत पंख्याशिवाय काही हलत नव्हतं, आणि स्वप्न गोड होतं म्हणून त्या थोडा वेळ तशाच पडून राहिल्या.

३

पुढच्या छायाचित्रांमध्ये तो ठिपका जिथे असायला हवा तिथे होता. ताईंनी पहिलं लावलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं. ठिपका हलला नाही.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावून बघितलं. शेजारचा एक दुसरा लघुग्रह तीन ढांगांत पुढे गेला. त्यांचा ठिपका मात्र ताऱ्यांसारखा ढिम्म होता. पण तो तारा नव्हता, कारण त्या जागी तारा नाही हे ताईंना पाठ होतं. आणि तिसऱ्या छायाचित्रात तो पहिल्यापेक्षा किंचित उजळ दिसत होता.

या कामातला प्रत्येक माणूस एक साधी गोष्ट जाणून असतो. जे बाजूला सरकतं ते आपल्याला टाळून निघून जाणार असतं. रस्त्यावरची सायकल डावी-उजवीकडे सरकताना दिसली की निर्धास्त राहावं. जी जागची सरकत नाही आणि नुसती मोठी होत जाते ती थेट आपल्याच अंगावर येत असते.

ताईंनी रंगनाथरावांना फोन लावला. रंगनाथराव हवामान खात्यातून निवृत्त झालेले, त्याच छायाचित्रांवर आपल्या घरी काम करणारे आणि गोड बोलण्याचा आळस असलेले गृहस्थ.

"तुमच्याकडे तो कसा दिसतोय?" ताईंनी विचारलं.

"चालतोय की छान, डावीकडून उजवीकडे. का? तुमच्याकडे संपावर गेलाय?"

"माझ्याकडे सरकतच नाहीये. आणि मोठा होतोय."

"सत्यशीलाबाई, चष्मा बदला. तो परवडत नसेल तर मॉनिटर बदला."

ताईंनी दोन्ही करून पाहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंगांवर भिंगं लावून पाहिली आणि या वयात इतकी चांगली नजर क्वचितच असते म्हणून शाबासकी दिली. दुकानदाराचा मुलगा नवा मॉनिटर बसवून गेला. ठिपका आता नव्या काचेत होता, अगदी मधोमध.

४

ताई काही भाबड्या नव्हत्या. संकष्टीसुद्धा त्या केवळ मोदकांसाठी पाळत. त्यांनी स्वतःला समजावलं की फाइल बिघडली असेल, आपण दमलोय, वहिनीची काळजी डोक्यात बसली आहे. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि दिवसभर पटतही असे. दुपारी पडदे ओढले की पटेनासं होई.

पडद्यांमागची ती खोली आताशा निराळीच वाटू लागली होती. उजेड कडेकडेने झिरपे, त्यात धूळ तरंगे, बाजारातले आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत. टेम्पोवाला कुणाला तरी हाक मारी. वर कुठेतरी बाई पोराला जेवायला बोलावी. आणि त्या गलक्यात कधीतरी एक बारीक आवाज ओ देई.

"आले."

मार्केट यार्डाच्या शेजारी राहणाऱ्याने अशा आवाजांचा कानोसा घ्यायचा म्हटलं तर वेड लागेल. तिथे सारखं कुणीतरी कुणालातरी बोलावत असतं. पण पूर्वी तो आवाज यार्डाच्या भिंतीपलीकडून येई. मग तो बिल्डिंगच्या फाटकाशी आला. एका दुपारी तो जिन्यात होता, आणि त्याला थोडा दम लागलेला होता. लहान पायांना आपल्याकडचे जिने उंच पडतात.

ताईंनी दार उघडून बघितलं. जिना रिकामा होता. खालच्या मजल्यावरच्या लोखंडी कठड्यात मात्र बारीक थरथर उरली होती, कुणी धरून चढताना हात सोडावा तशी. त्यांनी दार लावलं आणि कडी घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एकटं राहण्याची भीती वाटली.

त्याच संध्याकाळी दत्तप्रसादचा फोन आला. मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. ताई फोनवर इतक्या आनंदल्या की थोडा वेळ बाकीचं सगळं विसरून गेल्या.

५

घरी आणलेलं बाळ बघायला ताई विश्रांतवाडीला गेल्या. राजनंदिनी पलंगावर बसली होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. बाळ गोरंपान, टपोऱ्या डोळ्यांचं. ते रडत नव्हतं. ते दाराकडे बघत होतं.

"सारखं तिकडंच बघतंय बघा," मुक्ताबाई म्हणाली. ती धानोरीहून बाळाला न्हाऊ घालायला यायची. "मी येवढी पोरं न्हाणली, पर असं काय बघितलं न्हाई. अंगावर घ्यावं तर तोंड फिरवतंय. कोण यायचं हाय ग बाय तुझं?"

"मुक्ताबाई, गप्प बसा हो," राजनंदिनी म्हणाली. मग ताईंकडे वळली. "दूध पीत नाहीये, ताई. वजन उतरतंय. डॉक्टर म्हणतात, सगळं नॉर्मल आहे. सगळं नॉर्मल आहे तर मग पीत का नाही?"

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी बाळाच्या डोळ्यांसमोर बोट धरून डावीकडून उजवीकडे नेलं. बाळाची नजर बोटाबरोबर सरकली नाही. दाराच्या चौकटीत एका जागी ती खिळून होती, जमिनीपासून फार उंच नाही अशा जागी. तीन वर्षांच्या मुलाचा चेहरा साधारण तिथे येतो.

ताईंनी बोट मागे घेतलं.

"बारसं या वेळी लांबवायचं नाही," राजनंदिनी म्हणाली. "तिचं राहून गेलं. हिला नाव मिळालं की ही राहील, असं माझ्या मनाने घेतलंय. वेडेपणा म्हणा हवं तर."

"वहिनी, या वेळी कुर्र दुसरं कुणी केलं तर? तुझी मावसनणंद आहे, ती..."

राजनंदिनीने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही येणार नाही?" ती म्हणाली. "का? तुम्हालाही वाटतंय का, ही जगणार नाही म्हणून?"

"येणार तर," ताई म्हणाल्या. "मी नाही तर कोण येणार?"

६

घरी आल्यावर ताईंनी कॉम्प्युटर बंद केला. वायरी काढल्या, छायाचित्रं तर आधीच पुसून टाकली होती. नाव मागे घेते असं पत्रही त्यांनी पाठवलं होतं, पण कानात सांगितलेलं नाव मागे घ्यायचं पत्र कुणाला पाठवणार?

बंद पडद्याच्या काळ्या काचेत मधोमध एक फिकट ठिपका होता.

ताई खुर्चीत तशाच बसल्या. बाहेर लख्ख दुपार होती. ठिपका उजेडाचा होता हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. काचेत मागची खोली दिसत होती, खोलीचं दार दिसत होतं, आणि त्या दारात काहीतरी फिकट उभं होतं. ते सरकत नव्हतं. एक खांदा चौकटीला टेकलेला, एक पाय दुसऱ्या पायावर घासलेला. परक्या घरात आल्यावर, आत ये म्हणेपर्यंत लहान मुलं उभी राहतात तसं.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर दारात काही नसतं, असं त्यांची अक्कल सांगत होती. आणि असतं तर, असंही तीच सांगत होती.

पण त्या दुपारी भीतीच्या तळाशी ताईंना एक गोष्ट लख्ख कळली. हिला कुणी पाठवलं नव्हतं. हाक त्यांनी मारली होती. नुसती हाकही नाही, कुर्र करून मारली होती. ती हाक ज्याला लागते ते मूल कुठे जाणार? पाळण्यात. आणि विश्रांतवाडीचा पाळणा रिकामा नव्हता. त्यातलं बाळ बहिणीची वाट बघत उपाशी पडलं होतं, एका पाळण्यात दोघी मावत नाहीत एवढं कळण्याचं त्याचं वय नव्हतं.

"बस," ताई काचेकडे बघत हलकेच म्हणाल्या. "दमली असशील."

मागे काही वाजलं नाही. काचेतला ठिपका मात्र खाली टेकला.

७

बारशाला घर भरून गेलं होतं. घुगऱ्यांचा वास, अत्तर, नव्या साड्यांची सळसळ, आणि दत्तप्रसादच्या ऑफिसातल्या मुली मोबाइलवर फोटो काढत होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. भर दुपारी सगळे दिवे लावले होते आणि त्या उजेडात ताईंना सगळ्यांचे चेहरे लांबचे वाटत होते. सोबत कोण आलं आहे ते त्यांना ठाऊक होतं. गुलटेकडीपासून येताना त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं.

बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. बाळाचा चेहरा एवढासा झाला होता. ते आता दाराकडे बघत नव्हतं. ते पाळण्याच्या पायथ्याकडे बघत होतं.

पायथ्याच्या लाकडी कडेवर चार बोटं होती. झेंडूच्या माळेत अर्धी बुडालेली, गुलाबीही नाहीत आणि निळीही नाहीत अशी. नखं फार लहान होती. पाळणा हलत होता आणि बोटं त्याच्याबरोबर हलत नव्हती.

"ताई, वेळ झाली," राजनंदिनी म्हणाली.

ताई वाकल्या. त्यांनी बाळाच्या कानाशी हाताचा आडोसा केला, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. "शर्वाणी. तू शर्वाणी. हा पाळणा तुझा."

मग त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. त्यांनी तोंड पायथ्याकडे वळवलं, आणि ओठ हलले न हललेसे करत ते दुसरं नाव घेतलं. "तू माझ्याकडे चल," त्या म्हणाल्या. "मी बोलावलंय तुला. हिने नाही."

मागून बायका पाठीवर गुद्दे घालत होत्या, बारशाला आत्याला घालतात तसे, हसत, खिदळत. त्यात एक हात पाठीपर्यंत पोचला नाही. तो कमरेच्याही खाली, साडीच्या घोळाला लागला आणि घोळ धरून राहिला.

बाळाने तोंड उघडलं आणि टाहो फोडला. चांगला भरल्या गळ्याचा, भुकेला टाहो. राजनंदिनीने त्याला उचलून छातीशी घेतलं, आणि खोलीभर बायका एकदम गप्प झाल्या, कारण ते पीत होतं. घोट गिळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. राजनंदिनी रडत होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. ताईंना इतकं बरं वाटलं की क्षणभर त्यांना साडीवरची मूठही जाणवली नाही.

"जेवून जा ना, ताई," दत्तप्रसाद दारापर्यंत आला. "श्रीखंड तुझ्यासाठी आणलंय."

"आज नको रे. घरी गेलेलं बरं."

"घरी कोण वाट बघतंय तुझी?" तो नेहमीसारखा हसला. ताईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला, जो त्यांनी कित्येक वर्षांत फिरवला नव्हता, आणि जिना उतरायला लागल्या. एकेका पायरीवर थांबत, डावा हात थोडा खाली सोडून.

आळंदी रस्त्यावर ऊन रणरणत होतं. एक रिक्षा थांबली. मार्केट यार्ड म्हटल्यावर रिक्षावाल्याने मान हलवली आणि मीटर पाडला. ताई आत बसल्या. रिक्षा निघाली, आणि वेग घेताघेता रिक्षावाल्याने आरशात बघितलं.

"ताई, पोरीला मधी घ्या जरा," तो म्हणाला. "बाहेर डोकावतीय सारखी."

ताईंनी बाजूला बघितलं नाही. त्या स्वतः उघड्या बाजूला सरकल्या आणि मध्ये जागा केली. येरवड्याच्या पुलावर नदीचा वारा लागला तेव्हा त्यांनी पदर सोडवून मधल्या जागेवर टाकला. पदर सीटला टेकला नाही. वरच कुठेतरी अडकून राहिला, हलकेच वरखाली होत.